दोन माणसांची गाडी

“ॲव्हरेज किती देती?”

शोरूमचं काचेचं दार मिटायच्या आत पाटलांनी प्रश्न टाकला. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, खिशाला दोन पेनं, आणि बोट थेट मधल्या चौथऱ्यावरच्या लाल गाडीकडं. मी इतक्या घाईनं उठले की गुडघा टेबलाला आपटला. आठ महिने ती गाडी तिथं उभी होती. लोक यायचे, तिला टेकून फोटो काढायचे, नातवाला बॉनेटवर बसवू का म्हणून विचारायचे आणि जाताना लहान गाडीचं पत्रक घेऊन जायचे. तिचं ॲव्हरेज मात्र कुणी विचारलं नव्हतं. आमच्या भागात किंमत कुणीही विचारतो. ॲव्हरेज विचारतो तो घ्यायच्या विचारात असतो.

“कुठल्या इंजिनाचं सांगू?” मी म्हणाले. “हिच्यात दोन मिळतात. एक दीड लिटरचं साधं, एक दोन लिटरचं टर्बो.”

“दोन्हीचं सांगा की. सांगायला काय पेट्रोल लागतंय?”

पाटलांच्या मागून त्यांची बायको आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. तिच्या मागून मुलगा आला, तो दारातच पायपुसण्यावर पाय पुसत राहिला. दोन माणसांची गाडी बघायला तिघं आले होते.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला शिरोलीच्या अलीकडं आमचं शोरूम होतं. मी तिथं गाड्या विकत होते, पण जीव सगळा इंजिनात. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान. मी बाहुल्यांऐवजी वॉल्व्ह आणि पिस्टनच्या रिंगांशी खेळत वाढले, पुढं मेकॅनिकल इंजिनियर झाले, आणि एवढं होऊन शेवटी काचेच्या खोलीत पत्रकं वाटत बसले. कंपनीचं पुण्याला एक वर्षाचं ट्रेनिंग होतं. ते केलं की वर्कशॉपमध्ये इंजिनियर म्हणून घेणार होते. मला ते जिवापाड हवं होतं. अण्णांचं म्हणणं, लग्न ठरल्याशिवाय पोरगी गाव सोडणार नाही.

त्यावरून आमची रोज जुंपायची. शेवटी एका रविवारी, पोह्यांची बशी घेऊन मी कुणा तरी पाव्हण्यांसमोर बसून आल्यावर, अण्णांनी हसत हसत पैज लावली.

“ती तुमची लाल गाडी हाय न्हवं, दोन माणसांची? दिवाळीच्या आत ती खपवून दाखव. पुण्याला जा, वर्षभर मी स्थळाचं नावसुद्धा काढणार नाही. आणि नाही खपली तर पहिलं येईल त्या स्थळाला मुकाट्यानं हो म्हणायचं.”

“शब्द?”

“शब्द. कोल्हापुरात दोन माणसांची गाडी कोण घेणार? पाव्हणा आला तर बसवायचा कुठं, डिकीत?”

अण्णा खूश होते. पैज जिंकल्यातच जमा होती. आता दसरा चार दिवसांवर आला होता, दिवाळी त्याच्या पाठोपाठ, आणि आज पहिल्यांदा कुणीतरी ॲव्हरेज विचारत होतं.

“दीड लिटरचं सतराच्या आसपास देतं,” मी सांगितलं. “टर्बो अकरा.”

“अकरा?” पाटलांनी छातीवर हात ठेवला. “अहो, आमचा ट्रक ऊस घेऊन चढ चढताना देतोय की तेवढं!”

“आप्पा, ट्रक चार देतोय,” मुलगा पायपुसण्यावरूनच म्हणाला.

आदगोंडा पाटील जयसिंगपूरचे. त्यांचे मालवाहतुकीचे ट्रक होते, त्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट ते लिटरमागं मोजायचे. घरात त्यांना आप्पा म्हणत, बायकोला अक्का. मुलाचं नाव सन्मती. तो ट्रकांचं ऑफिस सांभाळायचा. उंच होता, नाकीडोळी बरा होता, पण माझ्याकडं बघितलं की लगेच टायरकडं बघायचा.

अक्का तसल्या नव्हत्या. त्या गाडीकडं बघतच नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. वेणीपासून चपलेपर्यंत.

“उंची किती गं?” त्यांनी विचारलं.

“बाराशे ऐंशी मिलिमीटर.”

सन्मतीला ठसका लागला. अक्कांनी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं.

“आणि वजन?”

“चौदाशे किलो. टर्बोचं थोडं जास्त.”

“बरं बरं,” अक्का म्हणाल्या. “चौगुले म्हणजे तुम्ही कुठले? उदगावचे का?”

“आमचं मूळ उदगावच.” आमच्याकडं गिऱ्हाईक गाडीआधी आडनाव तपासतं, त्यामुळं मला त्यात काही वाटलं नाही.

अक्कांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. “डबा हाय गं माझा. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय. तुला म्हाईतच असंल.”

मला माहीत होतं, आम्हीही जैनच. आमच्या घरी आजीसुद्धा दिवस मावळला की पाण्याचा घोट घेत नसे. मी पिशवी नीट सरकवून ठेवली आणि वळले, तर बापलेकांची सुरू झाली होती.

“लहान इंजिन घ्यायचं,” आप्पा म्हणत होते. “बघणाऱ्याला नुसती लाल गाडी दिसती. आत काय हाय ते कोण बॉनेट उघडून बघायलंय?”

“आप्पा, स्पोर्ट कार घेऊन लहान इंजिन? तालमीत जाऊन कॅरम खेळल्यासारखं हाय ते.”

“आणि मोठं घेऊन उडणार कुठं तू? जयसिंगपूर ते सांगली? मधी अंकलीचा पूल, पुढं म्हशी, मागं एस्टी.”

“टर्बोचं तसं नसतं,” मी मध्ये तोंड घातलं. “धुराच्या जोरावर आत एक पंखा फिरतो आणि इंजिनाला जादा हवा पाजतो. हळू चालवली तर तो झोपलेला असतो, पेट्रोल बेतानंच लागतं. पाय दाबला की जागा होतो.”

“जागा झाला की पितोय न्हवं? असली माणसं मी लई बघितल्यात,” आप्पा म्हणाले.

दसऱ्यासाठी कंपनीनं दोन्ही इंजिनांच्या ट्रायलच्या गाड्या पाठवल्या होत्या. लहान इंजिनाची पांढरी, टर्बोची लाल. मी म्हटलं, बोलण्यात वेळ कशाला, चालवूनच बघा. आधी सन्मतीला लाल गाडीत बसवलं आणि शेजारी मी बसले.

टर्बोसाठी भांडणारा हा माणूस हायवेला लागला आणि चाळीसच्या वर जाईना. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलेलं, जसं ते कुणी हिसकावून नेणार आहे. एक एस्टी पुढं गेली. एक टेम्पो गेला. मग एक ट्रॅक्टर गेला, आणि ट्रॅक्टरवाल्यानं वळून काळजीनं आमच्याकडं बघितलं.

“थोडं दाबा की,” मी म्हणाले.

“दाबतो.” त्यानं दाबलं. बेचाळीस झाले. “तुम्हाला ही नोकरी आवडते?”

“आवडते. गाडी कशी वाटतेय?”

“गाडी फारच सुंदर आहे,” तो म्हणाला, आणि ते इतकं मनापासून म्हणाला की मला हसू आलं. मग घसा खाकरून म्हणाला, “मला तुम्हाला एक सांगायचं होतं. म्हणजे आम्ही आज इथं जे आलोय ते खरं म्हणजे—”

“आधी आरसा बघा. मागं टँकर आहे.”

टँकर गेला आणि त्याचं सांगणंही त्याच्याबरोबर गेलं. मलाही घाई होती. अजून आप्पांची ट्रायल व्हायची होती आणि शोरूममध्ये माझे साहेब काचेला नाक लावून उभे होते.

मग आप्पा पांढऱ्या गाडीत बसले. ॲव्हरेजचे कैवारी. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, बाह्या सारल्या आणि गाडी अशी काही काढली की माझं डोकं मागं आपटलं. चढ आला की पाय तळाला, उतार लागला की खाडकन न्यूट्रल.

“आप्पा, न्यूट्रल नका करू! ही ट्रक नाही!”

“उतार देवानं फुकट दिलाय, बाई. फुकट मिळालेल्या उतारावर पेट्रोल जाळलं तर पाप लागतंय.” आणि पुढचा चढ आला तसे ते लहान पोरासारखे ओरडले, “अगं, हिच्यायला! बघ की कशी पळायली!”

परत आल्यावर आप्पांचे कान लाल झाले होते. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि तिच्या टपावर बैलाला थोपटावं तसं थोपटलं. दोन्ही गाड्यांत प्रत्येक फेरीचं ॲव्हरेज पडद्यावर दिसायचं. मी ते वाचून दाखवलं.

“सन्मती, टर्बो इंजिन, पंधरा. आप्पा, लहान इंजिन, सात.”

बापलेकांनी वाकून पडद्यावरचे आकडे स्वतः बघितले. मग अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “इंजिनात काय न्हाई ओ! सगळं पायात हाय!”

एवढ्यावर गोष्ट मिटायला हवी होती. पण पाटील घराणं आकड्यांवर पोसलेलं. सन्मती विचारात पडला. “म्हणजे माझ्या पायाखाली लहान इंजिन वीस देईल. मग लहानच घ्यावं.”

“लहान?” आप्पा कडाडले. “लहानाला माझ्या पायाखाली दम लागला, त्याचं काय? मोठं घ्यायचं!”

“मघाशी तुम्हीच म्हणत होता—”

“मघाशी मी बसलो हुतो का तिच्यात?”

दोघांनी बाजू बदलल्या होत्या आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. मघाची सगळी वाक्यं आता उलट तोंडांतून यायला लागली. अंकलीचा पूल सन्मतीकडं गेला, तालीम आणि कॅरम आप्पांकडं. आठ महिन्यांच्या नोकरीत मी एक शिकले होते, घरातली दोन माणसं इंजिनावरून भांडली की तिसरं माणूस म्हणतं, घरी जाऊन विचार करू. आणि घरी गेलेलं गिऱ्हाईक आमच्याकडं परत येत नाही.

“अक्कांना विचारूया,” मी म्हणाले.

“मला न बसवताच इचारता व्हय?” अक्का उठल्या. पिशवीतून एक गोळी काढली आणि पाण्याच्या घोटाबरोबर घेतली. “साखरंची हाय. हिच्यानंतर जेवाय लागतंय लगोलग. चल, जरा एक चक्कर मारून आण मला. चालीव तूच. ह्या दोघांच्या पायाचा काय भरोसा न्हाई.”

लाल गाडीत शिरताना त्यांची तारांबळ उडाली. आधी पाय, मग डोकं, मग अडकलेला पदर. आत बसल्यावर इकडंतिकडं बघून म्हणाल्या, “अगं, ही गाडी हाय का पाट? मांडी घालाय जागा असती तर जेवाय बसले असते.”

मी गाडी सावकाश काढली. वाठार गावाच्या दिशेनं थोडं जाऊन फिरायचं, एवढाच बेत होता. उन्हं कलली होती. अक्का खिडकीतून ऊस बघत होत्या.

“घरात भांडण काढतीस का लगीन कर म्हटल्यावर?” त्यांनी एकदम विचारलं.

मी चकित झाले. “तुम्हाला कसं कळलं?”

“तुझ्या वयाच्या पोरीच्या घरात दुसरं कसलं भांडण असतंय?”

का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगितलं. रविवारचे पोहे, पुण्याचं ट्रेनिंग, अण्णांची पैज, सगळं. गिऱ्हाइकाला असलं सांगायचं नसतं हे मला कळत होतं, पण त्या पाटासारख्या गाडीत दोन बायका शेजारी शेजारी बसल्या की बोलणं आपोआप निघतं. “लग्न नकोच असं नाही, अक्का. पण एक वर्ष तरी मला कुणी बघायला येऊ नये. बघायला आलेली माणसं मला विचारतात, पोरगी इंजिनियर होऊन करणार काय. मला आधी ते करून दाखवायचंय.”

अक्कांनी पदर सारखा केला. मग हसल्या.

“मला बघाय आल्याले तवा मी सतरा वर्षांची हुते. मला कुणी सांगितलंच न्हाई. आई म्हटली, पाव्हणं म्हस बघाय आल्यात. मी म्हटलं बरं. म्हस धुतली, शिंगाला तेल लावलं, आणि पाव्हण्यांसमोर बसून भांडंभर धार काढून दाखवली. लई नावाजलं त्यांनी. मला वाटलं म्हशीला नावाजत्यात.”

“मग?”

“मग काय? म्हस बी न्हेली, मला बी न्हेली.”

मला इतकं हसू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. अक्काही हसत होत्या, पण हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. “मला शाळंत जायचं हुतं अजून. मास्तर म्हणायचे, ही पोरगी गणितात पुढं जाईल. पर इचारलं कुणी? म्हशीला तरी दोन पावलं चालवून बघितलं.” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “एक वरीस पुरतंय का गं तुला?”

“पुरतं की.”

“बघ हं. नंतर म्हणशील अजून पायजे.”

“नाही म्हणणार.” मी गाडी परत रस्त्यावर घेतली.

“बरं,” अक्का म्हणाल्या. “ते बघ तिथं कवळं दोडकं हाईत. थांबीव.”

रस्त्याकडेला एक बाई टोपली घेऊन बसली होती. चातुर्मासात अक्कांना पालेभाजी चालत नव्हती, त्यामुळं दोडक्याचं त्यांना फार अप्रूप. त्या गाडीतून निघाल्या तेच हाश्शहुश्श करत, आणि मग सुरू झाला सौदा. एकेक दोडका नखानं तपासायचा, परत टाकायचा, भाव पाडायचा, निघाल्यासारखं करायचं, परत वळायचं. टोपलीवालीसुद्धा तितक्याच तयारीची. मी गाडीला टेकून मजा बघत होते. शेवटी अक्का पदरात दोडके घेऊन विजयानं वळल्या, आणि जागच्या जागी थबकल्या.

सूर्य समोरच्या डोंगरापासून हातभरच वर राहिला होता.

“अगं बया! डबा तिथं ऱ्हायला!”

तेव्हा मलाही उमगलं. गोळी पोटात, डबा माझ्या टेबलावर. दिवस मावळला असता तर त्यांनी काही केल्या खाल्लं नसतं, हे मला आजीमुळं पक्कं ठाऊक होतं. साखर उतरून चक्कर आली तरी पाण्याला तोंड लावलं नसतं. त्यांचे हात आत्ताच जरासे थरथरत होते.

“अक्का, पट्टा लावा.”

“लावलाय गं. तू चल!”

मी पाय दाबला. तोवर झोपलेला तो पंखा जागा झाला. इंजिनानं खालच्या पट्टीतून एकदम वरची पट्टी धरली आणि सीटनं आम्हा दोघींना पाठीमागून पुढं ढकललं. अक्कांच्या पदरातले दोडके पायांत सांडले. चढावर ट्रकांची रांग लागली होती, उजवी बाजू मोकळी होती. लहान इंजिन असतं तर एकेका ट्रकला ओलांडायला घाम फुटला असता. ही गाडी सगळ्यांच्या शेजारून गेली आणि रांग संपली तेव्हा मला कळलं की रांग होती. वेग किती होता ते लिहीत नाही, अण्णा अजून माझं लिहिलेलं वाचतात.

अक्कांनी डोळे मिटून णमोकार मंत्र सुरू केला होता. चढाच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी एक डोळा उघडून डोंगराकडं बघितलं.

“आला गं खाली! अजून जरा दाब!”

“अक्का, पेट्रोल जाईल,” मी म्हणाले.

“जाऊंदे की! बापाचं जातंय का तुझ्या?”

शोरूमच्या फाटकातून गाडी आत घातली तेव्हा सूर्याची कड डोंगराला टेकली होती. आप्पा आणि सन्मती अजून पायरीवर उभे राहून भांडत होते. मी दार उघडून अक्कांना हात दिला. त्यांनी तो झटकला.

“उठवू नको मला. उठाय-बसाय वेळ कुठाय? पाट हायच, डबा आण!”

मी धावत जाऊन डबा आणि पाण्याचा तांब्या आणला. भाकरी, भोपळ्याची भाजी, बिनलसणाची शेंगांची चटणी. त्या लाल चामड्याच्या सीटवर, पायांत दोडके, मांडीवर डबा, अक्का जेवायला बसल्या. साहेब बाहेर आले, चटणीचा हात आणि सीट बघून त्यांचा चेहरा पांढऱ्या गाडीच्या रंगाचा झाला, पण आप्पांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते परत आत गेले. आम्ही तिघं गाडीभोवती उभे होतो. अक्का एक घास घ्यायच्या आणि डोंगराकडं बघायच्या. शेवटचा घास, मग तांब्याभर पाणी एका दमात. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि सूर्य गेला.

सन्मतीनं श्वास सोडला. मला दिसलं, त्याचे डोळे ओले होते. चाळीसच्या वेगानं गाडी चालवणाऱ्या माणसाबद्दल त्या क्षणी माझं मत जरा बदललं.

“मोठं इंजिन,” अक्का म्हणाल्या. “लाल. आजच नोंदवा.”

“आजच?” आप्पा गोंधळले. ते अक्कांच्या जवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, पण ट्रकवाल्यांचा हळू आवाज तो. “अगं, पर आपण कशाला आलो हुतो?”

“गाडी बघाय,” अक्का ठणकावून म्हणाल्या. “बघितली. पसंत हाय. द्या चेक.”

आप्पांनी खिशातलं एक पेन काढलं. ते चालेना. दुसरं काढलं, ते चाललं. सही करताना त्यांचे कान परत लाल झाले होते, आणि मला आजही वाटतं की तो माणूस त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा ॲव्हरेज विसरला होता.

ते गेल्यावर मी शोरूमच्या मागं जाऊन अण्णांना फोन लावला.

“अण्णा, खपली! लाल गाडी खपली! टर्बो!”

“काय सांगतेस?” पलीकडं ऑइल इंजिनाची धडधड. “कुणी घेतली?”

“जयसिंगपूरचे पाटील. आदगोंडा पाटील.”

धडधड तेवढी ऐकू येत राहिली.

“अण्णा?”

“त्रिशला,” अण्णांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “अगं, ते तुला बघाय आले होते.”

“काय?”

“स्थळ होतं ते. मीच पाठवलं होतं. घरी पाव्हणे आले की तू तोंड वाकडं करतेस, म्हणून म्हटलं शोरूमलाच जाऊन बघा. पोरीला कळू देऊ नका, नुसतं गाडी बघायचं नाटक करा.”

मी भिंतीला टेकले. उंची, वजन, उदगाव, टँकरबरोबर गेलेलं ते बोलणं, सगळं ओळीनं आठवलं. बाराशे ऐंशी मिलिमीटर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी हसू आवरेना.

“त्यांनी नाटक फारच मनावर घेतलं, अण्णा.”

“हसू नको! आता मी त्यांना काय विचारू? पसंत काय पडलं, पोरगी का गाडी?”

“काहीच विचारायचं नाही,” मी म्हणाले. “वर्षभर स्थळाचं नाव काढायचं नाही. शब्द दिलाय.”

अण्णांनी मोठा उसासा टाकला. गिऱ्हाईक त्यांनी स्वतः पाठवलं होतं, पैज ते स्वतःच्या हातानं हरले होते. पण चौगुल्यांचा शब्द म्हणजे शब्द. “जा पुण्याला,” ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर मग मला रस्त्यावरचं आठवलं. एक वरीस पुरतंय का गं तुला? मी तिथंच उकिडवी बसले आणि ढसाढसा रडले. आनंदानं रडले, दुसरं काही नव्हतं.

अण्णांनी शब्द पाळला. मी पुण्याला गेले, वर्षभर कोपरापर्यंत ग्रीसमध्ये बुडाले, परीक्षेत पहिली आले आणि कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये इंजिनियर म्हणून परत आले. पाटलांकडून ना फोन, ना निरोप. मला वाटलं, विसरले.

परत दसरा येऊन गेला. मी एका गाडीखाली पाठीवर पडून काम करत होते. बाजूला चपला येऊन थांबल्या, वर साडीचा काठ, आणि काठाशी लोंबणारी कापडी पिशवी.

“भाईर ये की. वरीस झालं.”

मी सरकून बाहेर आले. तोंडाला काळं लागलेलं, केस फडक्यात बांधलेले. अक्का आपल्या जागच्या हलल्या नाहीत, मला नीट बघून घेतलं, आणि पिशवीतून कोवळे दोडके काढून माझ्या हातात दिले.

“तुम्हाला सगळं माहीत होतं,” मी म्हणाले. “मला बघायला आला होतात, आणि मी पैजेचं सांगितलं तरी गाडी घेतलीत. गाडी घेतली की मी वर्षभर मोकळी, हे माहीत असून.”

“आमच्या वक्ताला दोन्ही एकदमच न्हेली हुती,” अक्का म्हणाल्या. “म्हटलं, ह्या खेपंला नुसती म्हस न्यावी. पोरीला मागनं इचारावं.”

मी दोडके धरून उभी राहिले.

“मग? इचारू का?”

“मी तुमचा मुलगा नीट बघितलेलाच नाही, अक्का,” मी शेवटी म्हणाले. “मला ट्रायल घ्यावी लागेल.”

“भाईर उभा हाय,” अक्का म्हणाल्या. “घे की.”

सन्मतीची ट्रायल मी पुढं चार महिने घेतली. आता आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली. गाडी तीच आहे, इंजिन तेच. आप्पांनी सगळ्यांचं ॲव्हरेज काढून ठेवलंय: सन्मतीचं पंधरा, माझं नऊ, स्वतःचं ते सांगत नाहीत. गाडी दोन माणसांची असल्यामुळं कुठं जायचं म्हटलं की तिसरं माणूस मोटरसायकलवर येतं, आणि ते तिसरं माणूस नेहमी माझा नवरा असतो. चाळीसच्या वेगानं येतो, आनंदात येतो.

दिवस कलला की अक्का डब्याची पिशवी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसतात आणि पट्टा स्वतः लावतात.